आतल्या खोलीतला साक्षीदार

१

दुपारचं जेवण झालं, ताट घासून पालथं घातलं, की बन्सी गाडेकर सर बाहेरच्या खोलीत येत, बाल्कनीचं दार लोटून घेत आणि टीव्हीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसत. मग यूट्यूब लावून 'हेर आला घरी' या जुन्या मालिकेचा एक भाग बघत. रोज तोच.

मालिका मोठी मजेशीर होती. तिच्यातला गुप्तहेर दाजी भिंगे पायांत चप्पल घालत नसे, खिशात फुटाणे बाळगी, आणि ज्या घरात गुन्हा घडला तिथल्या एकूण एक खुर्चीत बसून झाल्याशिवाय त्याला गुन्हेगार सापडत नसे. इन्स्पेक्टर चिडायचा, घरातली माणसं तोंड लपवून हसायची, आणि दाजी मात्र गंभीरपणे एका खुर्चीतून उठून दुसरीत बसायचा.

सरांना दाजीशी काही घेणंदेणं नव्हतं. 'आतल्या खोलीतला साक्षीदार' हा भाग त्यांच्याच घरात चित्रित झाला होता. मकबऱ्याजवळचे प्रसंग घ्यायला ती मंडळी शहरात आली होती. त्यांना एक साधं, राहतं घर हवं होतं. ओळखीतून कुणीतरी त्यांना उस्मानपुऱ्यातला सरांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. दिवसभर वायरी, दिवे, आरडाओरडा. सरांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, सगळ्यांना चहा दिला. त्यांचं ते अंग चोरून पण झपझप चालणं दिग्दर्शकाच्या डोळ्यांत भरलं असावं. "मावशी, आतल्या खोलीतल्या आजारी म्हाताऱ्याला पाणी नेऊन द्यायचंय," तो म्हणाला. "तुम्हीच द्या. बोलायचं काही नाही."

म्हणून त्या प्रसंगात दाजी पुढं खुर्चीत बसून म्हणतो, "साक्षीदार बोलत नाही म्हणजे त्याला माहीत नाही असं थोडंच आहे, इन्स्पेक्टर?" आणि त्याच्या पाठीमागं मनकर्णाबाई पितळी फुलपात्र घेऊन स्वयंपाकघरातून निघतात, आतल्या खोलीत जातात, फुलपात्र ठेवून बाहेर येतात.

मनकर्णाबाई जाऊन दोन उन्हाळे झाले होते. फोटो पुष्कळ होते, पण फोटोत त्या रेशनकार्डासाठी उभं केल्यासारख्या ताठ. चालतीबोलती नाही, पण निदान चालती मनकर्णा सरांकडं या एका भागात होती.

तेव्हा कॅमेरा ज्या भिंतीशी उभा होता, तिथंच आता टीव्ही टांगलेला होता. त्यामुळं पडद्यावर जे दिसे ते सरांच्याच पाठीमागचं घर. फक्त तेव्हाच्या भिंती पिवळ्या होत्या. आता तनुजानं, त्यांच्या लेकीनं, त्या फिक्या निळ्या करून घेतल्या होत्या.

२

एप्रिलातल्या एका दुपारी मनकर्णाबाई आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत.

दाजीचं वाक्य संपलं. इन्स्पेक्टरनं कपाळावर हात मारला. पुढचा प्रसंग मकबऱ्याच्या बागेत सुरूसुद्धा झाला. सर रिमोट हातात धरून तसेच बसून राहिले. डोळा लागला असेल आपला, असं त्यांना वाटलं. जेवणानंतर लागतो कधी कधी. त्यांनी भाग मागं नेला. मनकर्णाबाई निघाल्या, पदर पुढं घेतला, आत गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं. बाहेर कुणी आलं नाही.

फुलंब्रीच्या शाळेत त्यांनी उभा जन्म चित्रकला शिकवलेली. डोळा सवयीनं चित्राच्या कडांवरून फिरला. दाराची चौकट सरळ होती, दाजीची सावली जिथं पडायला हवी तिथंच होती. मधूनच तुकडा कापल्याची कुठं खूण दिसेना. फक्त दाराच्या फटीत अंधार होता. चित्रीकरणाच्या दिवशी आतल्या खोलीत एक मोठा दिवा लावलेला होता, तो इतका तापायचा की मनकर्णाबाईंनी खिडकीचा पडदा काढून ठेवला होता. हे त्यांना पक्कं आठवत होतं. अंधार असायचं काही कारण नव्हतं.

त्यांनी मान वळवून मागं बघितलं. निळी भिंत. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं. त्या खोलीत ते फारसे जातच नसत. जादाच्या गाद्या, वाळलेले कपडे, नळाला पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवायचा स्टीलचा पिंप, एवढंच तिथं होतं. झोपायचे ते बाहेरच, दिवाणावर.

उठून त्यांनी दार ओढून घेतलं. कडीला हात घातला आणि काढून घेतला. आपल्याच घरात आतल्या खोलीला दिवसाढवळ्या कडी कसली लावायची?

३

तनुजा नाशिकला असे. तिचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"जेवण झालं का बाबा? काय करायलात?"

"काही नाय, बसलोय. तनू, तुझ्या मोबाइलवर आईचा भाग लाव बरं."

"आत्ता? कुकर चढवलाय मी."

"लाव गं. माझं ऐक."

पलीकडून दाजी भिंगेचा आवाज आला, मग तनुजाचा. "हं, निघाली आई... गेली आत... आली बाहेर. झालं. का वो?"

"आली बाहेर?"

"आली म्हंजे काय, येणारच की! तुमच्या नेटचा घोळ असंल. बंद करून चालू करा टीव्ही." मग तिचा आवाज जरा उतरला. "रोज बघता का बाबा ते?"

"नाय. कधीमधी."

"इकडं या ना राहायला. किती दिवस एकटं बसायचं तिथं? फ्लॅट देऊ भाड्यानं."

"उन्हाळा जाऊ दे," सर म्हणाले. मागच्या उन्हाळ्यातही ते हेच म्हणाले होते.

फोन ठेवल्यावर घर एकदम गप्प झालं. खाली रस्त्यावर रिक्षावाले एकमेकांना हाका मारत होते, कुठंतरी लग्नाचा बँड वाजत होता, पण तो आवाज जिन्याच्या अलीकडं येत नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई बाहेर आल्या.

सरांनी श्वास सोडला. नेटचाच घोळ होता तर. पण मग त्यांच्या लक्षात आलं की मनकर्णाबाईंच्या हातात फुलपात्र आहे, आणि त्यांनी ते पालथं धरलंय. रिकामं. पूर्वी त्या ते आतच ठेवून यायच्या. आता त्या परत स्वयंपाकघरात गेल्या. पाणी ओतल्याचा आवाज आला. पुन्हा भरलेलं फुलपात्र घेऊन निघाल्या, पुन्हा आत.

दाजी बोलतच होता. इन्स्पेक्टर ऐकत होता. त्या दोघांना काहीच वेगळं वाटत नव्हतं.

सर घाबरले असं म्हणता येणार नाही. पहिला धक्का ओसरल्यावर त्यांना जे वाटलं ते सांगायला अवघड आहे. मनकर्णा पूर्वी चार श्वासांपुरती दिसायची. आज ती दोनदा आली, दोनदा गेली. तिची पाठ दिसली, मानेवरचा तीळ दिसला. सरांनी त्या दिवशी भाग पुन्हा पुन्हा लावला, आणि प्रत्येक वेळी ती आदल्या वेळेपेक्षा जास्त वेळ होती. शेवटी तर दाजीचं वाक्य संपून तो नुसताच फुटाणे चघळत बसला, आणि मागं मनकर्णाची ये-जा चाललेलीच.

हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सांगितलं तर तनुजा डॉक्टरकडं नेईल. डॉक्टर गोळ्या देईल. गोळ्यांनी हे थांबलं तर?

५

समोरच्या फ्लॅटमध्ये करुणाताई वाघमारे राहत. दवाखान्यात नर्स होत्या. रात्रपाळी असली की दिवसा घरी असायच्या. कैरीचं लोणचं घातलं तेव्हा त्या वाटीभर द्यायला आल्या.

"वाळलात वो सर. जेवता का नाय नीट?"

"जेवतो की. करुणाताई, एक विचारू? शूटिंगच्या दिवशी तुम्ही इथंच होता ना?"

"व्हय तर! रजा टाकली होती मी त्या दिवशी."

"तो आजारी म्हातारा कोण होता वो? आतल्या खोलीतला?"

करुणाताई हसल्या. "कोण असणार? म्हातारा दाखवायचाच नव्हता त्यांना. पलंगावर लोड ठेवले आन् वरून काकूंची गोधडी टाकली. आवाज मागाहून मुंबईत भरला म्हणं." मग त्यांना काही आठवलं आणि त्या आणखी हसल्या. "काकू काय म्हणल्या ठावं का? 'करुणा, ह्या लोकांचा लोड लई तहानलेला बघ. पार तळाला कोरडं केलं फुलपात्र.' आम्ही म्हणलं, त्या दिव्यानं आटलं असंल पाणी."

"मला नाय बोलली कधी."

"तुमाला कशाला बोलतील? हसण्यावारी नेलं सगळं." लोणच्याची वाटी टेबलावर ठेवताना करुणाताई जरा थांबल्या. "पण त्याच्यानंतर काकू त्या खोलीत निजल्या नाहीत. उकडतंय म्हणायच्या. थंडीतपण म्हणायच्या."

हे खरं होतं. दोघांची अंथरुणं बाहेर आली ती त्याच सुमाराला. पलंगसुद्धा मनकर्णाबाईंनीच भावाला देऊन टाकायला लावला होता. सरांनी कधी कारण विचारलं नव्हतं. बायकोला उकडतंय म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

६

त्या संध्याकाळी सरांनी मांडणीवरून तेच पितळी फुलपात्र काढलं, चिंचेनं लख्ख घासलं, पाण्यानं भरलं आणि आतल्या खोलीत स्टुलावर नेऊन ठेवलं.

का ठेवलं, हे त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं. मनात एवढंच होतं की मनकर्णा तिकडं पाणी वाहून वाहून थकत असेल, तिला कुणी एक घोट विचारत नसेल.

सकाळी फुलपात्र रिकामं होतं.

चिमण्या आल्या असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खिडकीला जाळी होती. मग ऊन. पण फुलपात्राच्या तळाशी डागसुद्धा राहिला नव्हता, जणू कुणी बोटानं पुसून घेतलं होतं. सर तिथं स्टुलाजवळ उभे राहिले आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना हसू आलं. "अगं, सांगायचं तरी," ते मोठ्यानं म्हणाले.

मग ती सवयच झाली. सकाळी एक, दुपारी एक, निजताना एक. घरात कुणाचं तरी काही करायचंय, या भावनेनं त्यांच्या हालचालीत जीव आला. ते दाढी रोज करू लागले. भाजीला फोडणी नीट घालू लागले. आतल्या खोलीचं दार ते आता सताड उघडं ठेवत, आणि तिथून जाता-येता दोन शब्द बोलत. आज पालक मिळाला. आज नळ येणार होता, आला नाय. खोलीत ऐकून घेतल्यासारखी शांतता असे. उन्हाच्या दिवसांतही तिथं गारवा असायचा, आणि ओल्या गोधडीसारखा एक वास. पिंप भरलेला असतो, त्याचा असेल.

तनुजानं पुन्हा नाशिकचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "मी इथं मजेत आहे." आणि ते खोटं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांना तेव्हाच दिसायला हवी होती. इतकी वर्षं पोरांना माणसाचं चित्र काढायला शिकवलं, आधी खांदे बघा, खांदे सगळं सांगतात, असं शिकवलं. पडद्यावरच्या मनकर्णेचे खांदे रोज थोडे खाली येत होते, आणि ते त्यांनी बघितलं नाही.

७

मे महिन्यातली दुपार होती. आदल्याच दिवशी नळाला पाणी येऊन पिंप काठोकाठ भरलेला. सर जेवून खुर्चीत बसले आणि त्यांनी भाग लावला.

दाजी खुर्चीत बसला होता, पण बोलत नव्हता. फुटाण्यांची मूठ तोंडापाशी तशीच थांबलेली. त्यानं मान वळवून आतल्या खोलीकडं बघितलं आणि पुन्हा समोर वळला नाही. इन्स्पेक्टर कुठंच नव्हता.

मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून आल्या. आता सरांनी बघितलं. केस सुटले होते. पातळ गुडघ्यापर्यंत भिजून पायांना चिकटलेलं. फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं होतं, तरी ते हिंदकळत होतं. त्या झपझप चालत नव्हत्या. पाय ओढत होत्या.

"मनकर्णा," सर म्हणाले.

मनकर्णाबाईंनी खांद्यानं आतल्या खोलीचं दार ढकललं, आणि या वेळी ते पूर्ण उघडलं. आत तो पलंग होता. त्यावर गोधडी होती, आणि गोधडीखाली लोड ठेवल्यासारखा उंचवटा. मनकर्णाबाई उशाशी बसल्या. एक हात त्या उंचवट्याखाली घालून त्यांनी तो वर उचलला, आजारी माणसाला उचलतात तसा, आणि दुसऱ्या हातानं फुलपात्र पुढं केलं.

पिण्याचा आवाज आला. सावकाश, घोटामागून घोट.

टीव्ही समोर होता. आवाज पाठीमागून येत होता.

सर हलले नाहीत. गोधडीची कड सरकली आणि एक हात बाहेर आला. पांढुरका, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा सुरकुतलेला. त्यानं फुलपात्र धरलं नव्हतं. त्यानं मनकर्णाबाईंचं मनगट धरलं होतं, आणि बोटं बांगड्यांच्या मधून मांसात रुतली होती.

तेव्हा मनकर्णाबाईंनी वर बघितलं. त्या भागात त्यांनी कॅमेऱ्याकडं कधीच बघितलं नव्हतं, बघू नका म्हणून सांगितलंच होतं त्यांना. आता त्यांनी सरळ सरांकडं बघितलं. पाहुण्यांत सर काही भलतंच बोलणार असले की त्या दुरूनच जसं बघायच्या, तसं. मान इतकीशी हलली. नको. मग डोळे जिन्याच्या दाराकडं गेले.

"पाणी," सरांच्या पाठीमागं कुणीतरी म्हणालं.

आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, बाईचाही नव्हता. त्यात घाई नव्हती. रोज वेळेवर मिळणारी गोष्ट आज जरा उशिरा येतेय, एवढंच त्यात होतं.

'आणतो' हा शब्द सरांच्या जिभेवर आला होता. महिनाभराची सवय. त्यांनी दात आवळले. खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठले आणि मागं न बघता, टीव्हीच्या बाजूनं भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेले. शेवटच्या क्षणी पडद्याकडं एक नजर गेली. मनकर्णाबाई आता त्यांच्याकडं बघत नव्हत्या. त्या फुलपात्र घेऊन उठत होत्या.

करुणाताईंनी दार उघडलं तेव्हा सर अनवाणी उभे होते, सदऱ्याची पाठ घामानं भिजलेली.

"काय झालं वो सर? बसा, बसा आधी. पाणी देऊ का?"

"नको!" सर इतक्या जोरात ओरडले की करुणाताई दोन पावलं मागं सरल्या.

८

दुसऱ्या दिवशी तनुजा नवऱ्याबरोबर गाडी घेऊन आली. सर समोरच्याच घरात बसून राहिले. आतल्या खोलीतलं काही आणू नका, असं त्यांनी चार-चारदा बजावलं, तरी तनुजा कपडे घ्यायला गेलीच. परत आली तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता.

"पिंप रिकामा करून ठेवला ते बरं केलं बाबा," ती म्हणाली. "नायतर पाण्यात किडे झाले असते."

सरांनी मान हलवली.

फ्लॅटला कुलूप लागलं ते लागलं. भाड्यानं द्यायचा विषय निघाला की सर जेवणावरून उठून जातात. कारण सांगत नाहीत, म्हणून जावई मनातल्या मनात धुसफुसतो. नाशिकला त्यांना रस्त्याकडची खोली दिली आहे. दिवसा घरात कुणी नसतं. ते खिडकीशी बसतात. आपण उठून आलो आणि ती तिथंच राहिली, हा विचार खिडकीतून बाहेर बघूनही जात नाही. तिनंच जा म्हटलं, असं ते स्वतःला सांगतात. हेही खरं आहे, आणि त्यानं काही हलकं होत नाही.

टीव्हीकडं ते बघत नाहीत.

मनकर्णाबाईंच्या श्राद्धाचा दिवस आला. पानं वाढून झाली, माणसं जेवून गेली. दुपारी तनुजा मोबाइल घेऊन खोलीत आली आणि त्यांच्याजवळ पलंगावर बसली.

"बाबा, आईचा भाग लावला होता. आज फार आठवण आली म्हणून." ती पडद्याकडंच बघत होती. "आई आत जाते, ती पूर्वी बाहेर यायची ना वो?"

सरांनी नजर खिडकीकडं वळवली.

"आज आलीच नाय. मी परत लावला. तर ती दोनदा दिसली मला." तनुजानं मान वर केली. डोळे भरलेले होते, पण त्यांत एक उजेड होता. तो उजेड सरांच्या ओळखीचा होता. "मी तिला इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं, बाबा."

"पाणी नेऊन द्यायचं, इतकंच काम होतं तिचं," सर म्हणाले. "बाहेर यायची नाय ती कधी. तुला चुकीचं आठवतंय."

"पण मीच तुम्हाला फोनवर..."

"चुकीचं आठवतंय तनू. ठेव तो मोबाइल. परत लावू नको."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. बाप थकलाय, दिवस तसा आहे, असं काहीतरी मनाशी म्हणाली असावी. त्यांच्या पाठीवरून हात फिरवून ती उठली. "बरं. भांडी पडलीत, घासून येते."

सर कान देऊन बसले. नळ सुरू झाला. एखादं भांडं वाजलं. मग नळ बंद झाला आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग स्वयंपाकघरातून, अगदी हळू ठेवलेला, दाजी भिंगेचा आवाज आला. त्याचं वाक्य संपलं. थोडा वेळ गेला, आणि तेच वाक्य पुन्हा सुरू झालं.